उणे तीस अंश

देवीलाल राठोड सरांचा राग मुकुटबनच्या ज्युनियर कॉलेजात प्रसिद्ध होता. खडू फेकण्यात त्यांचा नेम असा, की मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोराच्या कानाला तो बरोबर लागायचा आणि शेजारच्याला धूळसुद्धा लागायची नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी खडू फेकला नाही. अकरावी सायन्सचे सहामाहीचे पेपर वाटता वाटता ते एका पेपरपाशी थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "ताकसांडे, तुले गणित येते का येत नाही, हे मले दोन दिवसांपासून समजून नाही राह्यलं."

वर्ग हसला. रुपाली ताकसांडे उभी राहिली. तिने पेपर हातात घेतला आणि मार्क पाहिले. ती नापास झाली होती.

नापास होणं ही एरवी त्या कॉलेजात काही मोठी बातमी नव्हती. पण त्या वर्षी प्राचार्य सदाशिवरावांनी फर्मान काढलं होतं: सहामाहीत जो गणितात पडेल त्याचं गणित सुटेल आणि त्याजागी भूगोल बसेल. मोठ्या सरांचा विचार सरळ होता. गणितात पडणारी पोरं गणितात ठेवलीच नाहीत, तर कॉलेजचा निकाल आपोआप वर जातो. रुपालीचं भूगोलाशी वाकडं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या गावच्या नाल्यावर बंधारा झाला, तेव्हा तिपाईवर दुर्बीण लावून मोजमाप करायला एक बाई आली होती. साडीवर बूट घातलेली ती बाई लांबच्या पट्टीकडे बघायची आणि इकडे आकडा सांगायची, आणि गावचे मिशीवाले बापे मुकाट्याने तिथे खुंटी ठोकायचे. तेव्हापासून रुपालीने ठरवलं होतं, आपण इंजिनीयरच व्हायचं. गणित सुटलं की ते दार बंद. हे तिला, तिच्या बापाला म्हणजे उकंडाला, आणि देवीलाल सरांनाही पक्कं माहीत होतं.

आणि वाईट याचं वाटत होतं, की पेपरात आलेला त्रिकोणमितीचा धडा तिला आला होता. नुसता आला नव्हता, तो तिला आवडला होता.

ते साल दोन हजार पाच. यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ज्या कारणाने यायचं ते कोणी घरात मोठ्याने वाचायचं नाही. पांढऱ्या गाड्या यायच्या, माणसं उतरायची, ठरलेले प्रश्न विचारायची आणि फुफाटा उडवत निघून जायची. कापसाचा भाव असा बसला होता की वेचायला बाया लावणंच परवडेना. म्हणून घरोघर घरच्याच माणसांनी कमरेला झोळ्या बांधल्या. रुपालीनेही बांधली. तिकडे वर्गात देवीलाल सर फळ्यावर एकक वर्तुळ काढत होते, आणि इकडे ती आई तुळसाबाईच्या शेजारच्या ओळीत बोंडातून कापूस ओढत होती.

संध्याकाळी तिची मैत्रीण निकिता सायकलवरून येऊन दिवसभराचं तोंडी सांगून जायची. "आज सोप्पं होतं वं. वर्तुळ काढायचं. त्रिज्या एक. मधातून एक आडवी रेघ. उजव्या टोकापासून निघायचं आन वर्तुळावरून फिरायचं. मधापासून आडवं किती गेलो ते कोसाइन, उभं किती गेलो ते साइन. रेघेच्या वर अधिक, खाली उणं. उजवीकडं अधिक, डावीकडं उणं. झालं!" कोणत्या बाजूने फिरायचं ते निकिताने सांगितलं नाही, कारण ते तर फळ्यावर बाण काढून दाखवलं होतं आणि निकिताला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. रुपालीनेही विचारलं नाही, कारण तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

कापसाची पहिली वेचणी आटपते न आटपते तोच ज्वारी आली. सगळं रान कापसाला दिलं तर खायचं काय, म्हणून उकंडाने धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या तुकड्यात ज्वारी टाकली होती. तेवढ्यासाठी मळणीयंत्र कोण आणणार? त्याने जुन्या रीतीने खळं केलं. जमीन चोपून सारवली, मधोमध लाकडाची मेढ खांबासारखी रोवली, मेढीला दोरी आणि दोरीला बैलजोडी. कणसं पसरली आणि रुपालीला म्हणाला, "तू मधात उभी राय आन बैलं हाक. मी कणसं लोटतो."

मेढीपाशी उभी राहून ती बैल हाकू लागली. बैल फिरत होते, ज्वारी सुटत होती, आणि मन मोकळंच होतं. तिच्या डोक्यात निकिताचं वर्तुळ आलं. मेढ म्हणजे वर्तुळाचा मध्य. दोरी म्हणजे त्रिज्या. तिलाच एक म्हणू. तिने पायाच्या अंगठ्याने मेढीतून उगवतीपासून मावळतीपर्यंत एक आडवी रेघ ओढली. रेघेची उत्तरेकडची बाजू वर, दक्षिणेकडची खाली. बैल उगवतीच्या टोकावरून निघाला. फिरता फिरता रेघेपासून लांब लांब गेला, मग पुन्हा जवळ जवळ आला, रेघ ओलांडून पलीकडे गेला. आणि एकदम तिच्या लक्षात आलं, की पुस्तकातलं ते भयंकर दिसणारं समीकरण, साइन थीटा बरोबर एक छेद दोन, हे दुसरं काही विचारतच नाही. ते एवढंच विचारतं, की रेघेच्या वर अर्धी दोरी लांब असताना बैल कुठं असतो?

आणि बैल तिथे एकदा नसतो. एका फेरीत दोनदा असतो! एकदा रेघेपासून दूर जाताना, एकदा परत येताना. कोणी सांगितलं नाही, पाठ केलं नाही, समोर दिसत होतं. इतकी वर्षं या खळ्यात बैल फिरले, इतक्या जणांनी ते हाकले, आणि त्या फिरण्यात हे असं आधीपासून लिहिलेलं होतं! उकंडाने हाक मारली, "काहून थांबली वं?" तेव्हा कुठे तिला कळलं, की आपण बैल हाकायचे थांबलोय आणि बैल कणसं खात उभे आहेत.

आता बैल फिरत होते ते उजव्या हाताने. म्हणजे मेढ बैलाच्या उजवीकडे. त्यांच्या गावात खळं असंच चालतं. गावच्या विहारातही बुद्धमूर्ती उजव्या हाताला ठेवूनच फेरी घालतात आणि नागपूरला दीक्षाभूमीवर ती बापाच्या खांद्यावर बसून गेली होती, तेव्हा सगळी गर्दी त्याच हाताने फिरताना तिने पाहिली होती. गोल फिरायचं म्हणजे असंच. डाव्या हातानेही फिरता येतं, हे तिच्या मनात यावं तरी कसं?

एक गोष्ट मात्र तिला खटकली. दहावीत तीस अंशाचं साइन अर्धा होतं. खळ्यात तीस अंश चालून बैल रेघेच्या खाली जात होता, म्हणजे उणे अर्धा. तिने थोडा विचार केला आणि स्वतःची समजूत काढली. दहावीला सगळे त्रिकोण होते. त्रिकोणाच्या बाजूला उणं कुठून येणार? आता अकरावी. साहेब बदलला की कायदा बदलतो, तसं असेल. आणि या भरवशावर बाईसाहेबांनी सहामाहीचा पेपर सोडवला, सगळ्यांच्या आधी देऊन टाकला आणि घरी जाऊन भाकरीबरोबर झुणका चापून खाल्ला.

"ये इकडं," वर्गात पेपर धरून उभ्या असलेल्या रुपालीला देवीलाल सर म्हणाले. "फळ्यावर सोडव. साइन थीटा बरोबर एक छेद दोन."

रुपालीने वर्तुळ काढलं. आडवी रेघ ओढली. वर अर्ध्या उंचीवर दोन ठिपके दिले, एक उजवीकडे, एक डावीकडे. वर्ग चूप होता, कारण इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग तिने उजव्या टोकावर खडू ठेवला आणि खाली उतरली. खालून फिरून, डावीकडून वर चढून पहिल्या ठिपक्यावर आली. "दोनशे दहा." वरून फिरून दुसऱ्यावर आली. "तीनशे तीस."

पोरं खदखदून हसली. "आरं बाप्पा, घड्याळ झालं हे तर!" कोणीतरी म्हणालं. सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कोसाइन थीटा बरोबर एक छेद दोन," ते हळूच म्हणाले.

तिने ठिपके दिले, एक वर, एक खाली, दोन्ही उजवीकडे. तशीच फिरली. "साठ. तीनशे."

"बरोबर," सर म्हणाले, आणि खुर्चीत बसले. वर्गात सर बसलेले कोणी कधी पाहिले नव्हते. "आता समजलं मले. पोरी, तू उलटी फिरून राह्यली. कोन डाव्या हातानं मोजतात. काट्याच्या उलट. तुये साइन सगळे चुकले, टॅन सगळे चुकले, आन कोसाइन एकूणएक बरोबर! मी म्हणलं हिनं कोसाइनची तेवढी नक्कल मारली का काय!"

रुपालीला शरमेने जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण डोळे फळ्यावरून हटेनात. तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, मंग मी उलटी फिरली तरी कोसाइन कसे बरोबर आले?"

सरांनी तोंड उघडलं. कॉस उणे थीटा बरोबर कॉस थीटा, हे वाक्य ते गेली कित्येक वर्षं एका दमात म्हणत आले होते आणि पोरं एका दमात लिहून घेत आली होती. आता ते म्हणणार, एवढ्यात तीच फळ्याकडे सरकली. वरच्या ठिपक्यावर एक बोट ठेवलं, खालच्यावर दुसरं. "वरून साठ गेलो काय आन खालून साठ गेलो काय, मधापासून उगवतीकडं तेवढंच अंतर. सर, कोसाइनले समजतच नाही कोण कोण्या बाजूनं आलं ते!" चुकीच्या दिशेने चाललेल्या माणसालाही त्या वर्तुळाने अर्धा धडा खरा दिला होता. रागावलं नाही, हाकलून लावलं नाही. तिला ते वर्तुळ एकदम फार मोठं वाटलं, आणि फार दयाळू.

"चाल माह्यासंगं," सर उठत म्हणाले.

प्राचार्यांच्या खोलीत उकंडा आधीच बसलेला होता. नापासांच्या बापांना त्या दिवशी बोलावणंच होतं. तो खुर्चीच्या टोकावर टेकला होता, दुपट्टा मांडीवर.

सदाशिवराव मराठीचे माणूस. बोलणं शुद्ध, कपडे कडक इस्त्रीचे, आणि गणिताशी त्यांचा दुरून रामराम. देवीलाल सरांनी सगळी हकिगत सांगितली. ती ऐकून ते म्हणाले, "राठोड, तुम्ही फार रंगवून सांगता. चूक ती चूक. हिचे मार्क वाढवायचे म्हणता का?"

"नाही सर. मार्क बरोबर आहेत, मीच दिले. पण हिचं गणित काढण्याआधी हिला एक समीकरण घाला. तुमच्या हाताने निवडून. नाही आलं, तर मी स्वतः भूगोलाच्या वर्गात नेऊन बसवतो."

मोठ्या सरांनी पुस्तक ओढलं, धड्याच्या शेवटची उदाहरणं काढली आणि मुद्दाम सगळ्यात खालचं निवडलं. भिंतीवर सूचनांचा काळा फळा होता. त्यावरची सूचना पुसून त्यांनी पुस्तकात बघून एकेक अक्षर उतरवलं: दोन कॉस वर्ग थीटा, अधिक तीन साइन थीटा, बरोबर शून्य. सर्व उत्तरे काढा.

रुपालीने खडू घेतला. आधी कोसाइनच्या वर्गाचा साइन केला, तेवढं तर दहावीतलंच होतं. मग साधं वर्गसमीकरण उरलं. त्याचे दोन तुकडे पडले. साइन थीटा बरोबर दोन. किंवा साइन थीटा बरोबर उणे अर्धा.

पहिल्या उत्तरापाशी ती अडली. बीजगणित म्हणत होतं, दोन. तिने वर्तुळ काढलं आणि दोन शोधू लागली. वर, आणखी वर. खडू वर्तुळाच्या बाहेर पडला आणि फळ्याच्या चौकटीला लागला. ती थबकली, मग बापाकडे वळली. "बाबा, मेढीले दोरी एक बांधली, तर बैल दोन दोऱ्या लांब जाईन का?"

उकंडा दचकला. आपल्याला इथे प्रश्न येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. "कसा जाईन? दावं सोडलं तरच," तो म्हणाला.

"मंग हे उत्तरच नाही," ती म्हणाली आणि तिने दोनवर काट मारली. खोलीतल्या तिघांतले फक्त देवीलाल सर खुशीने मान हलवत होते.

राहिलं उणे अर्धा. रेघेच्या खाली दोन ठिपके. तिने उजव्या टोकावर खडू ठेवला, आणि हाताला जी सवय होती त्या बाजूने हात गेला. खाली. तीस. पुढे एकशे पन्नास. दोन्ही आकडे लिहूनही झाले. देवीलाल सरांनी डोळे मिटले.

मग तिचं तिलाच दिसलं. हात पुन्हा उलटा गेला होता. वाटलं, आता संपलं. पुसायला तिने हात उचलला आणि तसाच थांबला. ठिपके चुकले नव्हते. ठिपके होते तिथेच बरोबर होते. तिथपर्यंत जायची वाट तेवढी दुसरी होती. तिने पुन्हा उजव्या टोकापासून सुरुवात केली, या वेळी वरून, डाव्या हाताने, सगळा फेरा घालून: दोनशे दहा. तीनशे तीस. तेच ठिपके.

"झालं?" सदाशिवरावांनी विचारलं. ते पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर बघत होते. "इथं काही असं दिसत नाही. इथं एक एन लिहिलेला आहे. तो एन तुझ्या उत्तरात कुठंय? आणि मी सर्व उत्तरं विचारली होती. ही दोनच."

दोनच का? रुपालीने ठिपक्यांकडे पाहिलं. बैल एक फेरी घालून थांबतो थोडाच. दुसऱ्या फेरीत तो पुन्हा या ठिपक्यावर येणार. तिसऱ्या फेरीत पुन्हा. तिने दोनशे दहात तीनशे साठ मिळवले आणि लिहिले. पुन्हा मिळवले. पुन्हा. आकडे वाढत गेले आणि ठिपका मात्र जागचा हलला नाही. मग तिच्या मनात आलं, मिळवता येतं तर वजाही करता येईल. तीनशे तीसमधून तीनशे साठ गेले.

उणे तीस.

तिने बाजूला पाहिलं. तिथे तिच्या चुकलेल्या वाटेने लिहिलेले तीस तसेच होते, न पुसलेले. दोनशे दहातून तीनशे साठ गेले: उणे एकशे पन्नास. आणि बाजूला तिचे एकशे पन्नास.

खडू हातात धरून ती तशीच उभी राहिली. म्हणजे तिची वाट गणितात होती! खळ्यातल्या बैलांची, विहारातल्या माणसांची, उजव्या हाताची वाट. ती चूक नव्हती. तिच्यासाठी कोणीतरी आधीच जागा करून ठेवली होती, आणि तिचं नाव होतं उणे. तिने फक्त ते नाव घेतलं नव्हतं. हळूच, विहारात मूर्तीपुढे फूल ठेवावं तसं, तिने तीसच्या आधी एक आडवी रेघ दिली. मग एकशे पन्नासच्या आधी. दोन्ही उत्तरं खरी झाली.

"सर," ती म्हणाली, आणि कोणत्या सरांना म्हणाली हे तिलाही सांगता आलं नसतं, "हे मोजून संपत नाहीत. इकडून फिरलं तरी येत राह्यतात, तिकडून फिरलं तरी येत राह्यतात. एवढुशा वर्तुळावर दोन ठिपके, आन उत्तरं... माह्या आयुष्यात लिहून नाही होत."

"तोच एन," देवीलाल सर म्हणाले. "किती फेऱ्या घातल्या, त्याचं नाव एन. मी इतकी वर्षं तो पाठ करून घेतला. असा दिसला आजच."

सदाशिवरावांनी पुस्तक मिटलं आणि फळ्याकडे पाहिलं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नव्हतं, पण काहीतरी कळण्याच्या अगदी जवळ आपण उभे आहोत, एवढं कळत होतं आणि त्याने ते थोडे घाबरले होते. पुस्तक बाजूला सारून ते म्हणाले, "राठोड, हिचं गणित राहू द्या."

रुपालीने ते ऐकलंच नाही. ती आणखी एक फेरी वजा करत होती. सरांना तिच्या हातातला खडू काढून घेऊन पुन्हा सांगावं लागलं. मग ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. सुटता सुटता राहिलेल्या गणितासाठी रडत होती, आणि न संपणाऱ्या त्या उत्तरांसाठीही. दोन्हींतलं मोठं कोणतं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

उकंडा उठला. बोलणी सगळी त्याच्या डोक्यावरून गेली होती. पोरगी काहून रडते, हेच त्याला समजेना. तो देवीलाल सरांजवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, बरोबर हाय ना पोरीचं?"

"बरोबर हाय, उकंडाभाऊ," सर म्हणाले. "आन इथून कितीबी पुढं गेली तरी बरोबरच राहीन."